ऑर्किडचं टिश्यू कल्चर: बाटली एक, कामं दोन

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याकडे आधी केळी आठवते. जळगाव-रावेरच्या पट्ट्यात कंद लावण्याऐवजी ग्रँड नैनची, म्हणजे जी-नाइनची, प्रयोगशाळेत तयार झालेली रोपं लावणं इतकं रुळलंय की त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे ऑर्किडचीही रोपं टिश्यू कल्चरनं करतात असं कुणी सांगितलं, की ऐकणारा गृहीत धरतो: एक चांगलं झाड घ्यायचं आणि त्याच्यासारखी हुबेहूब हजारो रोपं काढायची. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं ठाऊक नसल्यामुळे रोपं विकत घेणाऱ्यांची फसगत होते, आणि रानातली ऑर्किडं वाचवायची गोष्ट निघाली की भलतेच उपाय सुचवले जातात.

ऑर्किडच्या प्रयोगशाळेत दोन वेगळी कामं चालतात. एकात बी पेरतात, दुसऱ्यात झाडाचा तुकडा वाढवतात. बाटली तीच, तळाची जेली जवळपास तीच, खोलीही तीच. पण बी पेरलेल्या बाटलीतली रोपं एकमेकांची भावंडं असतात. त्यांच्या फुलांचा रंग, आकार, वाढीचा जोम वेगवेगळा निघू शकतो. तुकड्यापासून केलेल्या बाटलीत मात्र सगळी मिळून एकच झाड असतं, शेकडो प्रतींत. बाजारात दोन्ही बाटल्या 'टिश्यू कल्चर' म्हणूनच विकल्या जातात. हा फरक नीट कळायचा असेल तर सुरुवात बियापासून करावी लागते, कारण ऑर्किडचं सगळं वेगळेपण तिथेच आहे.

शिदोरी नसलेलं बी

ऑर्किडचं बोंड पिकून तडकलं की आतून जे बाहेर पडतं ते बी वाटतच नाही, हळदीच्या रंगाची किंवा पांढुरकी धूळ वाटते. बोट लावलं तर बोटाला चिकटते, फुंकर मारली तर उडून जाते. जातीप्रमाणे एका बोंडात काही हजारांपासून दहा लाखांहून जास्त बिया असतात. चार्ल्स डार्विननं युरोपातल्या एका ऑर्किडच्या बोंडात सुमारे ६,२०० बिया मोजल्या होत्या. झाडाला ३० बोंडं, म्हणजे एका झाडाच्या जवळपास १ लाख ८६ हजार बिया. त्या सगळ्या जगल्या तर त्या झाडाची पतवंडं पृथ्वीवरची जवळपास सगळी जमीन झाकून टाकतील, असा त्याचा हिशेब होता.

तसं होत नाही, याचं कारण बियाच्या आत आहे. गव्हाच्या दाण्यात किंवा हरभऱ्यात कोंबासाठी शिदोरी बांधून दिलेली असते. पहिलं पान हिरवं होऊन स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत कोंब त्यावर जगतो. ऑर्किडच्या बियात ही शिदोरीच नाही. आत थोड्याशा पेशींचा एक गोळा असतो आणि बाहेर जाळीदार, कोरडं, हवा भरलेलं आवरण. मूळ कुठलं, पान कुठलं हेही त्या गोळ्यात अजून ठरलेलं नसतं. असं बी वाऱ्यावर लांब जातं, उंच फांदीच्या खोबणीत जाऊन बसतं, पण स्वतःच्या बळावर उगवू शकत नाही.

रानात त्याला बुरशी जगवते. फांदीच्या सालीवर किंवा पाचोळ्यात राहणाऱ्या काही ठरावीक बुरशींचे धागे बियात शिरतात आणि बी त्या धाग्यांतून साखर, क्षार, पाणी मिळवतं. हे पहिल्यांदा नीट ओळखलं नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं, १८९९ मध्ये. पाचोळ्याखाली दबलेल्या एका बोंडात त्याला उगवलेल्या बिया मिळाल्या आणि तपासलेल्या प्रत्येक कोंबात बुरशी दिसली. त्याआधी इंग्लंडमधले माळी ऑर्किडचं बी आईझाडाच्याच कुंडीत, मुळांपाशी पेरायचे. त्यातलं थोडं उगवायचं, बहुतेक वाया जायचं. आईच्या मुळांत बुरशी आधीपासून आहे हे त्यांना माहीत नव्हतं. अनुभवानं त्यांचा हात बरोबर तिथे वळला होता.

इथे एक सांगायलाच हवं. ऑनलाइन दुकानांत 'निळ्या ऑर्किडच्या बिया, कुंडीत पेरा, फुलं मिळवा' अशी पाकिटं सर्रास विकली जातात. फोटो सुंदर असतात. पाकिटात निघते ती कुठल्यातरी गवताची किंवा भाजीची ठसठशीत बी. आणि समजा आत खरोखरच ऑर्किडची बी असली, तरी ती कुंडीतल्या मातीत पाणी घालून उगवणार नाही. दाणा चिमटीत धरता आला तर तो ऑर्किडचा नाही, एवढी साधी खूण लक्षात ठेवली तरी पैसे वाचतील.

बर्नारच्या शोधानंतर वीसेक वर्षं अशी समजूत होती की ऑर्किडचं बी रुजवायचं तर बाटलीत बुरशी हवीच. ती बुरशी वेगळी काढायची, सांभाळायची, योग्य जातीला योग्य बुरशी द्यायची. ती जास्त माजली तर बीच खाऊन टाकते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लुईस नूडसन यांनी या समजुतीकडे वेगळ्या बाजूनं पाहिलं. बुरशी पिष्टाचं विघटन करून साखर तयार करते. मग बियाला नेमकं काय हवंय, बुरशी की तिनं तयार केलेली साखर? त्यांनी बुरशी पूर्ण वगळली आणि निर्जंतुक जेलीत क्षारांबरोबर थेट साखर घातली. बिया उगवल्या. हे १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. 'उगवल्या असतील, पण बुरशीशिवाय वाढलेलं झाड फुलावर येणार नाही' अशी शंका घेणारे होतेच. बुरशीशिवाय वाढवलेल्या झाडाला फूल आल्याचं नूडसन यांनी १९३० मध्ये दाखवलं आणि तो वाद मिटला.

आज जगातल्या ऑर्किडच्या व्यापाराचा पाया ती साखर आहे. पण तिच्यामुळेच सगळी कटकटही सुरू होते. गोड, ओलसर, कोमट जेली म्हणजे हवेतल्या प्रत्येक बुरशीला आणि जिवाणूला आवतण. त्यांची वाढ तासांत मोजायची, ऑर्किडची महिन्यांत. एक बीजाणू आत गेला तरी बाटली गेली. टिश्यू कल्चरमध्ये स्वच्छतेचं जे अवडंबर दिसतं ते या एका कारणापोटी आहे. ऑर्किडला जंतूंचं वावडं नाही, रानात ती जंतूंच्या संगतीतच वाढते. साखर ठेवलेल्या बाटलीला मात्र ते परवडत नाहीत.

जेलीत काय असतं

लोकांना वाटतं की बाटलीत काहीतरी गुप्त रसायन असतं. तसं काही नाही. पाणी, झाडाला लागणारे क्षार, लिटरमागे २० ते ३० ग्रॅम साखर, थोडी जीवनसत्त्वं आणि घट्टपणासाठी ६ ते ८ ग्रॅम अगार, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला चायना ग्रासचा भाऊबंद. क्षारांच्या ठरलेल्या कृती आहेत: नूडसन सी १९४६ ची, व्हॅसिन-वेंट १९४९ ची. सगळ्यांत जास्त चालणारी मुराशिगे-स्कूग १९६२ ची. ती खरं तर तंबाखूच्या पेशी वाढवण्यासाठी बसवलेली, ऑर्किडला तेवढे क्षार झेपत नाहीत, म्हणून पुष्कळ जण ती निम्म्या ताकदीची वापरतात. जेलीची आम्लता साधारण ५.२ ते ५.८ च्या दरम्यान ठेवतात. फार आम्ल झाली तर अगार धरतच नाही, बाटलीत नुसतं पाणी डुचमळत राहतं.

याच्या जोडीला स्वयंपाकघरातल्या वस्तू येतात, आणि मला या कामातला हा भाग फार आवडतो. शहाळ्याचं पाणी लिटरमागे १०० ते १५० मिलिलिटर घातलं तर बियातून आधी फुटणारे हिरवे गोळे, म्हणजे प्रोटोकॉर्म, भराभर वाढतात. त्यात साखर आणि अमिनो आम्लं असतातच, शिवाय पेशी विभागायला लावणारी सायटोकायनिन गटातली संप्रेरकंही असतात. रोपं मोठी होत आली की काही जण पिकल्या केळ्याचा गर किंवा बटाट्याचा अर्क घालतात, मुळं जोमदार फुटतात. अडचण एवढीच की प्रत्येक नारळाचं पाणी वेगळं. कोवळ्याचं वेगळं, तयार नारळाचं वेगळं. म्हणून एकसारखा निकाल हवा असणाऱ्या प्रयोगशाळा एकदम मोठा साठा गाळून गोठवून ठेवतात.

काही बाटल्यांतली जेली काळी कुळकुळीत असते. ती खराब झालेली नसते, त्यात सक्रिय कोळसा असतो. ऑर्किडचा तुकडा कापला की त्यातून फिनॉल जातीची द्रव्यं झिरपतात, हवेशी संयोग होऊन तपकिरी पडतात आणि तुकड्यालाच मारतात. कोळसा ती शोषून घेतो.

भरलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सियसला, चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली, १५ ते २० मिनिटं ठेवतात. घरी छंद म्हणून हे करणारे प्रेशर कुकर वापरतात आणि तो चालतो, कारण दाब साधारण तेवढाच येतो.

हिरवं बोंड कापताना

बी पेरायचं तर बोंड फुटायची वाट पाहत नाहीत. फुटलेल्या बोंडातल्या बियांवर हवेतले जंतू बसलेले असतात, प्रत्येक कणाला ब्लीचमध्ये धुवावं लागतं, आणि त्यात बीही मरतं. बंद, हिरव्या बोंडाच्या आत मात्र सगळं मुळातच निर्जंतुक असतं. म्हणून बोंड पिकायच्या थोडं आधी, पण बिया उगवण्याजोग्या झाल्यावर, ते तोडतात. हा क्षण ओळखणं हे जाणकाराचं काम. ऑर्किडमध्ये परागण झालं म्हणजे लगेच फलन होत नाही. परागण झाल्यावरच बीजांडं तयार व्हायला लागतात, फलन कित्येक आठवड्यांनी होतं आणि बोंड पिकायला जातीप्रमाणे काही महिने ते वर्षभर लागतं. परागण केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी फुलाच्या देठाला बांधलेली नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार.

तोडलेलं बोंड साबणाच्या पाण्यानं घासतात, फुलाचे वाळके अवशेष खरवडून काढतात, मग दहा-पंधरा मिनिटं ब्लीचच्या द्रावणात. इथून पुढचं काम लॅमिनारसमोर. हे टेबल असतं, ज्याच्या मागून किंवा वरून हेपा गाळणीतून आलेली हवा संथपणे काम करणाऱ्याच्या अंगावर येत राहते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण ही गाळणी अडवते. समोर स्पिरिटचा दिवा. चिमट्यात धरलेलं बोंड अल्कोहोलमध्ये बुडवतात आणि ज्योतीवरून नेतात. ते भप्पकन निळसर पेटतं आणि दोन-तीन सेकंदांत विझतं. असं दोन-तीनदा. साल किंचित करपते, आतल्या बियांना धग लागत नाही.

मग निर्जंतुक बशीत ठेवून धारदार पात्यानं बोंड उभं चिरतात. आत कापसाच्या तंतूंसारख्या धाग्यांत गच्च बसलेली पांढरी-पिवळी भुकटी दिसते. पात्याच्या टोकावर मावेल तेवढी उचलायची, जेलीवर पातळ पसरायची, बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवायचं, झाकण लावायचं. उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, कारण हातावरचं काहीही खाली पडू शकतं. बोलणंही कमीत कमी. आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात, तासन्‌तास, आणि हातात इतकी लय असते की बाटली उघडी किती वेळ होती ते पाहणाऱ्याला कळत नाही. या धंद्यात बाटल्या वाचतात त्या यंत्रापेक्षा या हातांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटल्या २५ अंशांच्या आसपास ठेवलेल्या खोलीत मांडणीवर जातात, बहुधा रोज १६ तास दिव्यांच्या उजेडात. काही आठवड्यांनी भुकटी फुगते, मग हिरवी होते. प्रत्येक बी आता भोवऱ्याच्या आकाराचा इवलासा हिरवा गोळा झालेलं असतं. यालाच प्रोटोकॉर्म म्हणतात. त्याला अंगभर बारीक केस फुटतात, वरच्या टोकाला पहिलं पान येतं आणि सगळ्यांत शेवटी मूळ. दाटी झाली की चिमट्यानं उचलून नव्या जेलीवर विरळ लावतात. असं दोन-तीनदा. पेरल्यापासून बाहेर काढण्याजोगं रोप व्हायला साधारण वर्ष जातं, कधी जास्त.

एका कोंबापासून पुष्कळ झाडं

आता दुसरं काम. समजा एका संकरातून हजार रोपं उगवली आणि त्यातल्या एकालाच अप्रतिम फूल आलं. त्याचं बी धरलं तर पुढची पिढी पुन्हा वेगळी निघणार. झाडाचे फुटवे अलग करून वाढवावं, तर दोन-तीन वर्षांत एखादा-दुसरा फुटवा मिळणार. १९६० पूर्वी असं झाड ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच राहायचं आणि त्याच्या एकेका फुटव्याला जबर किंमत पडायची.

ही अडचण सुटली ती दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे लागल्यामुळे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कृषी संशोधन केंद्रात ज्यॉर्ज मोरेल झाडांतले विषाणू काढण्यावर काम करत होते. विषाणूवर औषध नाही, पण वाढत्या कोंबाच्या अगदी टोकाशी, जिथे रसवाहिन्या अजून पोचलेल्या नसतात, तिथे विषाणू बहुधा नसतो. तो टिचभर नव्हे, मिलिमीटरभराहूनही लहान टोकाचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली कापून वाढवला तर निरोगी झाड मिळू शकतं. १९५२ मध्ये क्लोद मार्टिन यांच्याबरोबर त्यांनी डेलियात हे करून दाखवलं होतं. मग त्यांनी मोझॅक विषाणू लागलेलं सिंबिडियम जातीचं ऑर्किड घेतलं. १९६० मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात निरोगी झाड तर होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. कोंबाच्या टोकातून सरळ झाड आलं नाही. आधी आला बियातून येतो तसा प्रोटोकॉर्मसारखा हिरवा गोळा. तो कापला तर प्रत्येक तुकड्यातून नवे गोळे. ते कापले की आणखी.

हिशेब करून पाहा. महिन्याला एकाचे चार होतात असं धरलं, तर अकरा महिन्यांत एका कोंबाचे ४१ लाख ९४ हजार होतात. प्रत्यक्षात इतके कुणी करत नाही आणि करूही नये, पण 'फुटव्याला तीन वर्षं' या हिशेबात जगणाऱ्या नर्सरीवाल्यांना हे काय वाटलं असेल ते समजू शकतं. पॅरिसजवळच्या वाशेरो-लकूफ्ल या जुन्या नर्सरीनं हे तंत्र लवकरच व्यापारात आणलं. अशा रोपाला मेरिक्लोन म्हणतात. लग्नाच्या मांडवात आणि दादरच्या फूलबाजारात जे जांभळं-पांढरं डेंड्रोबियम सोनिया दिसतं, त्याच्या दांड्या एकमेकींसारख्या हुबेहूब का असतात, याचं उत्तर हेच. थायलंडच्या बागा असोत की कोकणातल्या शेडनेट, रोपं मेरिक्लोनची असतात.

गोळे वाढवत राहायचं की त्यांना पान-मूळ फोडू द्यायचं, हे संप्रेरकांच्या प्रमाणावर ठरतं. सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब फुटतात, ऑक्सिन जास्त असेल तर मुळं. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवर दाखवलेला हा नियम बहुतेक प्रयोगशाळांचं रोजचं हत्यार आहे. कुठल्या ऑर्किडला नेमकं किती, हे मात्र प्रत्येकानं स्वतः बसवायचं असतं, आणि ते आकडे कुणी सहज सांगत नाही.

सगळ्याच ऑर्किडना कोंब कापून चालत नाही. सिंबिडियम, डेंड्रोबियम, कॅटलिया यांना बुडातून नवे कोंब येतात, एखादा गेला तरी झाड मागे राहतं. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच. ते काढलं तर झाडच संपलं. म्हणून तिथे फुलाच्या दांड्यावरचे सुप्त डोळे घेतात. दांडा संपल्यावर तसाही वाळतो, त्यामुळे झाडाचं काही नुकसान नाही. १९४९ मध्येच कॉर्नेलमध्ये गाविनो रोटर यांनी दांड्याच्या डोळ्यांपासून बाटलीत रोपं केली होती, मोरेलच्या अकरा वर्षं आधी. आणि पॅफिओपेडिलम, म्हणजे ज्यांना लेडीज स्लिपर म्हणतात ती ऑर्किडं, क्लोन करणं इतकं अवघड ठरलंय की त्यांची जवळपास सगळी रोपं आजही बियापासूनच होतात. कुणी 'पॅफिओपेडिलमचा मेरिक्लोन' स्वस्तात देत असेल तर सावध व्हावं.

क्लोन म्हणजे शंभर टक्के तसाच, हेही पूर्ण खरं नाही. पेशी पुन्हा पुन्हा कापत, संप्रेरकांवर वाढवत राहिलं की काहींत बदल शिरतात. फॅलेनॉप्सिसमध्ये असे बिघाड फुलावर दिसतात: पाकळी चुरगळलेली, ओठाचा, म्हणजे मधल्या वेगळ्या पाकळीचा, आकार चुकलेला. वाईट हे की बाटलीत ते कळत नाही, रोप निरोगीच दिसतं. दोनेक वर्षांनी फूल आल्यावर उलगडा होतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा एका कोंबापासून ठरावीक फेऱ्याच काढतात आणि मग पुन्हा मूळ झाडाकडे जातात. आणखी एक: टोकापासून केलेलं रोप विषाणूमुक्त असेलच असं नाही, ते तपासावं लागतं. आईझाडात सिंबिडियम मोझॅक असेल आणि डोळ्याचा मोठा तुकडा घेतला असेल, तर एका रोगी झाडाची दहा हजार रोगी झाडं होतात.

बाटलीबाहेरचे पहिले दिवस

बाटलीतलं रोप हिरवंगार, तजेलदार दिसतं, पण त्याला बाहेरचं काहीच येत नसतं. आत आर्द्रता जवळपास शंभर टक्के, म्हणून पानावर मेणाचा थर नीट आलेला नाही. पानावरची रंध्रं गरजेप्रमाणे मिटत नाहीत. मुळं जेलीत वाढलेली, त्यांना सालीला चिकटून हवेतला ओलावा शोषायची सवय नाही. अन्नही निम्मंअधिक साखरेतून आयतं. असं रोप थेट वाऱ्यात ठेवलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. या जुळवून घेण्याच्या काळाला हार्डनिंग म्हणतात, आणि प्रयोगशाळेत वाचलेली रोपं मरतात ती बहुतेक इथे.

रोपं काढताना बाटलीत थोडं कोमट पाणी घालून जेली सैल करावी, ओढू नये. मग बशीतल्या पाण्यात बोटांनी हलकेच मुळं धुवावीत, जेलीचा एकही कण राहू देऊ नये. त्या कणातली साखर आता उघड्यावर आली आहे, दोन दिवसांत तिथे बुरशी धरते आणि रोपाच्या बुडाशी कुज लागते. मग बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणातून काढून सावलीत थोडं सुकू द्यावं. लावायचं ते मातीत नव्हे. भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून क्षार काढलेल्या नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि कोळसा हे मिश्रण आपल्याकडे सोपं आणि स्वस्त पडतं. एकेक रोप वेगळं लावण्यापेक्षा पसरट कुंडीत दहा-पंधरा एकत्र लावली तर ओलावा टिकतो. पहिले दोन-तीन आठवडे वर पारदर्शक झाकण, मग रोज थोडं थोडं उघडत जावं. पाण्याचा फवारा सकाळी, म्हणजे रात्री पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहत नाही.

हंगामही महत्त्वाचा. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बाटली उघडणं म्हणजे रोपं मारणं. कोकणात आर्द्रता भरपूर, पण ऐन जुलैत उजेड कमी आणि कुज जास्त. मला पावसाचा जोर ओसरल्यावरचे दिवस बरे वाटतात.

इथून फुलापर्यंत धीर लागतो. फॅलेनॉप्सिसला साधारण दीड-दोन वर्षं, डेंड्रोबियमला तेवढीच किंवा थोडी जास्त, सिंबिडियमला तीन-चारही लागतात.

रानातल्या ऑर्किडसाठी कुठली बाटली

सह्याद्रीत मे-जूनच्या सुमाराला झाडांवर सीतेची वेणी लोंबताना ज्यानं पाहिली आहे, त्याला ती घरी असावी असं वाटणं साहजिक आहे. त्यातूनच ती फांद्यांवरून ओरबाडली जाते. झाड तुटलं, जंगल गेलं की वर राहणारी ऑर्किडंही गेली. मग कुणीतरी म्हणतं, टिश्यू कल्चर करून लाखो रोपं सोडा. इथे पहिला आणि दुसरा प्रकार यांच्यातला फरक सगळ्यांत जास्त महत्त्वाचा ठरतो. एकाच झाडाचे हजार क्लोन जंगलात सोडले तर ते एकच झाड हजार ठिकाणी. एखादा रोग आला की सगळी एकदम जातील, आणि पुष्कळ ऑर्किड जातींत स्वतःच्याच परागानं नीट बी धरत नाही, म्हणजे पुढची पिढीही नाही. रानासाठी बीच पेरायला हवं, तेही वेगवेगळ्या झाडांवरच्या बोंडांचं. आणि शक्य असेल तिथे त्या जातीची मूळ बुरशी परत बाटलीत आणून, म्हणजे नूडसननं जिला बाहेर काढलं तिलाच पुन्हा बोलावून. बुरशीबरोबर वाढलेलं रोप रानात सोडल्यावर आधीच सोबतीला असतं.

हे होतं याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथली लेडीज स्लिपर, सिप्रिपेडियम कॅल्सिओलस, लोकांनी इतकी उपटली की १९१७ मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये तिचं एकुलतं एक रोप सापडलं आणि कित्येक वर्षं त्याची जागा गुप्त ठेवून राखण केली गेली. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी हिरव्या बोंडातलं बी बाटलीत रुजवायची रीत बसवली, १९८९ पासून रोपं रानात लावायला सुरुवात झाली आणि पहिलं फूल आलं २००० साली. अकरा वर्षांनी.

आपल्या देशात सिक्कीममध्ये पाक्योंगला १९९६ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचं ऑर्किडचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात ब्लू व्हँडा आणि लेडीज स्लिपर यांची नावानिशी नोंद आहे. सगळी ऑर्किडं सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, म्हणून देशाबाहेरून झाड आणायला परवाने लागतात. निर्जंतुक बंद बाटलीत कृत्रिमरीत्या वाढवलेल्या रोपांना मात्र त्या करारातून सूट आहे. कारण उघड आहे, अशी बाटली रानातून ओरबाडून आणता येत नाही. आपल्या सरकारचे रोपआयातीचे आणि क्वारंटाईनचे नियम तरीही लागू होतातच.

आता बाटली किंवा छोटं रोप विकत घ्यायचं असेल तर. फुलाचा फोटो दाखवून दोन नावं गुणिलेच्या चिन्हानं जोडून लिहिलेली असतील, तर ते बियाचं रोप आहे. फोटोतलं फूल आई-बापापैकी एकाचं असू शकतं, तुमचं वेगळं निघेल, कदाचित जास्त सुंदरही. नावाच्या शेवटी अवतरण चिन्हात जातीचं खास नाव असेल आणि विक्रेता मेरिक्लोन म्हणत असेल, तर फोटोसारखंच फूल मागायचा तुम्हाला हक्क आहे. वेगवेगळी फुलं बघायची हौस असेल तर बियाची बाटली घ्यावी, कुंपणाला एकसारखी रांग हवी असेल किंवा फुलं विकायची असतील तर मेरिक्लोन. बाटलीत जेलीवर कापसासारखा पुंजका किंवा रोपाच्या बुडाशी दुधट वलय दिसलं तर ती घेऊ नये. आणि विक्रेत्याला 'बियाचं की मेरिक्लोनचं' हे सांगता आलं नाही, तर ते बियाचं समजून तेवढेच पैसे द्यावेत.